मार्बलहेडच्या बत्तीत १८२२ चं नेमकं काय उरलंय?

नमस्कार. तुमचा प्रश्न आवडला, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तुम्ही अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसहून मुलांना घेऊन सीडर पॉइंटच्या मनोरंजन उद्यानाला निघालात, जाताना वाट वाकडी करून ईरी सरोवराच्या काठचं, १८२२ चं मार्बलहेडचं दीपगृह पाहिलंत, सत्त्याहत्तर पायऱ्या चढून उतरलात, आणि खाली आल्यावर लेकीनं विचारलं, “बाबा, वरचा भाग नंतर बांधलेला, भिंग बदललेलं, दिवा विजेचा, राखायला कोणी नाही. मग १८२२ चं यात आहे काय?” तुम्हाला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन शोधलंत तर टोरांटोचं दीपगृह १८०८ चं निघालं, म्हणजे मार्बलहेडला ‘सर्वांत जुनं’ म्हणतात तेही खोटंच की काय, अशी शंका आली. आणि जाता जाता विचारलंत, तळ्याला दीपगृह लागतंच कशाला?

आधी माझी ओळख. मी दीपगृह खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली, बहुतेक कोकण किनाऱ्यावर. आमच्याकडे गावचा माणूस दीपगृह म्हणत नाही, ‘बत्ती’ म्हणतो, आणि आम्ही ‘बत्तीवाले’. लेक क्लीव्हलंडजवळ राहते, त्यामुळे मार्बलहेडला माझ्या तीन फेऱ्या झाल्या आहेत. तिन्ही वेळा घरच्यांना गाडीत ताटकळत ठेवलं. मी इतिहासकार नाही, पण बत्ती कशी चालते आणि कशी बंद पडते, हे हातानं केलेलं काम आहे. त्या अंगानं सांगतो.

तुमच्या मुलीनं एका वाक्यात दोन प्रश्न विचारलेत, आणि गोंधळ तिथेच आहे. इमारत किती जुनी, हा एक. त्या जागेवरची चाकरी किती जुनी, हा दुसरा. जुन्या देवळाबद्दल आपण हे दोन प्रश्न आपोआप वेगळे करतो. कळस परवाचा, सभामंडप पेशवाईतला, गाभारा त्याहून जुना, आणि पूजा कधीपासून ते विचारू नका. दीपगृहाच्या बाबतीत मात्र पाटीवर एकच साल असतं आणि सगळं त्याच सालाचं असणार असं आपण धरून चालतो.

तळ्याचं आधी उरकतो. ‘लेक’ शब्दानं आपली फसगत होते. ईरी सरोवराची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून निघालात तर कोल्हापूर मागे पडेल. शिवाय उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत ते सर्वांत उथळ, आणि मार्बलहेड ज्या पश्चिम भागात आहे तिथे सरासरी खोली जेमतेम सात-आठ मीटर. खलाशाला उथळ पाणी बरं वाटेल असा समज असेल तर तो सोडा. खोल समुद्रातली लाट लांबून, सावकाश उचलून येते, बोटीला चढायला-उतरायला वेळ देते. उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी, एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. नैर्ऋत्येचं वारं काही तास जोरात लागलं की पाणीच पूर्वेकडे सरकतं. बफेलोला पातळी चढते आणि इकडे पश्चिमेला तळ वर येतो. कधी कधी दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. अशा वेळी चुनखडीचे खडक, बेटं आणि सँडस्की उपसागराचं तोंड, सगळं एकाच कोपऱ्यात. रात्री तिथे आत शिरणाऱ्या शिडाच्या जहाजाला खूण नको?

काळही पाहा. १८१३ साली इंग्लंड-अमेरिका युद्धातली ईरी सरोवराची लढाई याच बेटांच्या आसपास झाली. युद्ध संपलं आणि वसाहतवाल्यांची रीघ लागली. १८१८ मध्ये या सरोवरावर पहिली आगबोट आली, आणि १८२१ मध्ये बफेलोजवळ वादळात फुटलीही. मधल्या काळात, १८१९ साली, अमेरिकी काँग्रेसनं सँडस्कीच्या तोंडाशी बत्ती बांधायला ५,००० डॉलर मंजूर केले. ईरी कालवा १८२५ मध्ये सुरू होऊन न्यूयॉर्कचा माल सरोवरात यायला लागला, तेव्हा बत्ती तीन वर्षं आधीच पेटलेली होती. सरकारी कामात असं क्वचित होतं, हे मी अनुभवानं सांगतो.

आता दगड. विल्यम केली नावाच्या कंत्राटदारानं १८२१ मध्ये काम सुरू केलं आणि पन्नास फुटांचा मनोरा तिथल्याच चुनखडीचा उभा केला. नाव मार्बलहेड असलं तरी तो संगमरवर नव्हे. सगळं द्वीपकल्पच या दगडाचं आहे, आजही तिथे खाणी चालू आहेत, आणि त्या उघड्या चुनखडीवर ‘लेकसाइड डेझी’ नावाची पिवळी रानफुलं मे महिन्यात येतात. ती इतकी दुर्मीळ आहेत की त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवली आहे. मेमध्ये जमलं तर जरूर बघा. मनोऱ्याचा पाया २५ फूट व्यासाचा आणि तिथली भिंत पाच फूट जाड. वर जाता जाता व्यास बारा फूट आणि भिंत दोन फूट. वजन खाली, वाऱ्याला अंग कमी. आत शिरताना दारात क्षणभर थांबून भिंतीच्या जाडीवर हात ठेवला असेल, तर तुमच्या लेकीनं १८२२ ला हात लावलेला आहे. बाहेरून पांढरा गिलावा असल्यामुळे दगड दिसत नाही, म्हणून हे लक्षात येत नाही.

आमच्याकडे बत्तीचा शत्रू म्हणजे खारं वारं. लोखंड कांद्यासारखं पापुद्र्यांनी सुटतं. तिथे पाणी गोडं, पण थंडीत ते सांध्यात शिरून गोठतं, फुगतं आणि चुना सैल करतं. म्हणून तिथला गिलावा पुन्हा पुन्हा करावा लागतो. गिलावा नवा आहे म्हणून मनोरा नवा ठरत नाही.

उंचीचा मुद्दा मात्र खरा आहे. १९०० च्या आसपास मनोरा पन्नास फुटांचा पासष्ट फूट केला गेला, आणि वरचा भाग विटांचा आहे. का वाढवला? साधं गणित आहे, आम्हाला ट्रेनिंगला पहिल्याच आठवड्यात करायला लावायचे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण २.०८ नं गुणा, क्षितिज किती नॉटिकल मैलांवर आहे ते मिळतं. १५ मीटरला आठ मैल, २० मीटरला सव्वानऊ. त्यात डेकवरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीचे मैल मिळवायचे. म्हणजे एवढा खटाटोप सव्वा मैलासाठी. कमी वाटेल, पण वाफेवरच्या जहाजाला वळायला तो सव्वा मैल पुरतो.

आता दिवा, आणि इथे मी जरा रमणार आहे. सुरुवातीला वर तेरा दिवे होते, व्हेलच्या तेलावर चालणारे, प्रत्येकामागे सोळा इंचांचा धातूचा परावर्तक. तेरा वाती म्हणजे काय, हे दिवाळीत तेरा पणत्या रात्रभर सारख्या तेवत ठेवून बघा, मग कळेल. दर काही तासांनी काजळी झाडायची, वात कातरायची, तेल घालायचं. थंडीत तेल घट्ट होतं, ते ऊब देऊन पातळ करायचं. सकाळी तेरा परावर्तक पुसायचे, आणि पुसून पुसूनच त्यांचा चांदीचा मुलामा जायचा. एवढं करून प्रकाश बेताचाच.

गंमत अशी की ज्या वर्षी मार्बलहेडला या तेरा वाती पेटल्या, त्याच १८२२ मध्ये पॅरिसला ऑगस्टीन फ्रेनेल यानं आपलं पायऱ्यापायऱ्यांचं भिंग विद्वानांपुढे मांडलं, आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कॉर्डुआन दीपगृहावर ते बसलंही. एकच ज्योत, भोवती काचेची कडी, प्रत्येक कडं किरणाला वाकवून क्षितिजाकडे सरळ करणारं. मार्बलहेडला ते यायला १८५८ उजाडलं. छत्तीस वर्षं का लागली? अमेरिकेत १८२० पासून दीपगृहांचा कारभार स्टीफन प्लेझंटन नावाच्या हिशेबनिसाकडे होता. माणूस काटकसरी, हिशेबाचा पक्का, पण समुद्राचा नाही. विन्स्लो लुईस या कप्तानाच्या पेटंटचे दिवे-परावर्तक सरकारनं आधीच घेतलेले होते, ते स्वस्त पडत होते, मग फ्रेंच काचेवर पैसा कशाला? खलाशांच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि शेवटी १८५२ मध्ये लाइटहाउस बोर्ड नेमून कारभार जाणकारांकडे गेला. त्यानंतर फ्रेनेलची भिंगं भराभर बसली. प्लेझंटनला खलनायक ठरवायचा मोह होतो, पण मी खरेदी विभागातले लोक पाहिलेत. त्यांना एका रात्रपाळीला वर बसवलं असतं तर निम्मे प्रश्न सुटले असते, असं माझं जुनं मत आहे.

१८५८ चं भिंग चौथ्या ऑर्डरचं होतं. ऑर्डर म्हणजे आकाराचा क्रम; पहिली सर्वांत मोठी, आत माणूस उभा राहील एवढी. १९०३ मध्ये बसलेलं भिंग साडेतीन ऑर्डरचं, म्हणजे ज्योतीपासून काचेपर्यंतचं अंतर ३७५ मिलीमीटर. भर समुद्रातल्या बत्तीला ते लहान पडेल, सरोवराला नेमकं पुरतं. हे भिंग फिरणारं होतं आणि दर दहा सेकंदांनी एक झोत द्यायचं. दोन झोतांमधल्या या ठरावीक वेळेला आम्ही बत्तीचं ‘कॅरेक्टर’ म्हणतो. त्यावरूनच कप्तान ओळखतो की ही अमुक बत्ती, शेजारची नव्हे.

फिरवायला वीज नव्हती, घड्याळासारखं यंत्र होतं. मनोऱ्याच्या पोकळीत वजन लोंबतं, ते हळूहळू खाली उतरताना चाकं फिरतात. मार्बलहेडला रात्रभर दर तीन तासांनी हँडल मारून ते वजन वर घ्यावं लागे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका आडवळणाच्या बत्तीवर असंच यंत्र होतं, त्यामुळे हे मला पुस्तकातून वाचायची गरज पडली नाही. पहाटेची पाळी वाईट. हँडल फिरवताना निम्मी झोपच असायची, पण यंत्राचा आवाज जरा बदलला तर खाली खोलीत झोपलेला सहकारी उठून बसायचा. आवाज चालू असताना गाढ झोप, थांबला की जाग.

आता तेच भिंग तिथल्या राखणदाराच्या घरात, १८८० च्या त्या घरात केलेल्या संग्रहालयात ठेवलंय. तुम्ही घाईत ते चुकवलंत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पुढच्या वेळी मनोरा सोडा पण ते बघा. लेकीला सांगा, काचेच्या एका कड्याकडे डोळा नेऊन हळूहळू बाजूला सरकायचं. मागची खिडकी अचानक मोठी होते, मग उलटी होते, मग नाहीशी होते. आणि हेही सांगा की दिवसा अशा भिंगाभोवती पडदे ओढावे लागत. दिवा आतून बाहेर जातो तसं ऊन बाहेरून आत येतं, आणि एका बिंदूवर जमतं. मी एकदा पडदा अर्धवट सोडला होता. दुपारी वर गेलो तर रंगाच्या डब्यावर ठेवलेल्या चिंधीतून धूर निघत होता. डबा भरलेला होता. पुढचं सांगत नाही, पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी पडद्याची गाठ दोनदा तपासत असे.

नंतरचं भराभर. १९२३ मध्ये वीज आली आणि झोत ३,३०,००० कँडलपॉवरचा झाला. १९३९ मध्ये अमेरिकेचं दीपगृह खातंच कोस्ट गार्डमध्ये विलीन झालं, १९४६ मध्ये शेवटचा नागरी राखणदार गेला, १९५८ मध्ये बत्ती स्वयंचलित झाली. भोवतालची जागा १९७२ पासून ओहायो राज्य सांभाळतं आणि मनोरा १९९८ मध्ये राज्याच्या मालकीचा झाला. आज वर ३०० मिलीमीटरचं छोटं ऑप्टिक आहे, दर सहा सेकंदांनी हिरवा झोत, अकरा नॉटिकल मैलांवरून दिसणारा. हिरवा का, तर पांढरा दिवा विमानांसाठीच्या दिव्यांत मिसळू नये म्हणून. म्हणजे शंभर वर्षांत कॅरेक्टरही बदललं आणि रंगही.

राहिले राखणदार. एकूण पंधरा झाले. पहिला बेनाजा वुलकॉट, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आणि या द्वीपकल्पावर पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांपैकी एक. तो बत्तीच्या पायथ्याशी राहत नव्हता. त्याचं दगडी घर द्वीपकल्पाच्या उपसागराकडच्या अंगाला होतं, आजही आहे. रोज संध्याकाळी जायचं, तेरा वाती लावायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची नोंद, हवेची नोंद, कुणी बुडत असेल तर धावायचं. १८३२ मध्ये सरोवरावरून कॉलरा आला आणि त्यात तो गेला. बायको रेचल हिनं काम पुढे चालवलं, आणि पंचमहासरोवरांवरची ती पहिली स्त्री राखणदार ठरली. दोन वर्षांनी तिनं पुन्हा लग्न केलं आणि नेमणूक नव्या नवऱ्याच्या नावे झाली. वात कातरणारे हात बदलले असतील असं मला वाटत नाही. आमच्या वसाहतीतही हजेरीपटावर एक नाव असायचं आणि रात्री दिव्याकडे लक्ष ठेवणारे डोळे घरात चार. तिच्यानंतर साठेक वर्षांनी जोहाना मॅगी ही दुसरी बाई राखणदार झाली, तीही नवऱ्याच्या पश्चात.

बुडणाऱ्यांसाठी धावायचं म्हटलं, त्यावरून एक. १ मे १८७५ रोजी ल्युसियन क्लेमन्स आणि त्याच्या दोन भावांनी छोट्या होडीतून जाऊन बुडालेल्या शिडाच्या जहाजावरच्या दोघा खलाशांना वाचवलं. पुढच्या वर्षी बत्तीपासून अर्ध्या मैलावर जीवरक्षक ठाणं उभं राहिलं आणि ल्युसियन त्याचा पहिला प्रमुख झाला. म्हणजे बत्ती असूनही जहाजं फुटतच होती. बत्ती खडक दाखवते, वारा थांबवत नाही.

आता ‘सर्वांत जुनं’. हा शब्द कधीच एकटा वाचू नका, शेजारची विशेषणं वाचा. टोरांटोचं जिब्राल्टर पॉइंट दीपगृह १८०८ चं, ते आजही उभं आहे, पण १९५८ मध्ये विझलं. अमेरिकेच्या बाजूला बफेलो आणि ईरी गावच्या बत्त्या १८१८ च्या, म्हणजे मार्बलहेडच्या आधीच्या, पण तिथले मूळ मनोरे गेले, नंतर दुसरे आले. मार्बलहेडचा दावा एवढाच आहे की पंचमहासरोवरांच्या अमेरिकी बाजूला, सुरू झाल्यापासून आजतागायत कामात असलेलं हे सर्वांत जुनं दीपगृह. तो दावा खरा आहे. तुलनेला सांगतो, आपली खांदेरीची बत्ती १८६७ ची, म्हणजे ही पंचेचाळीस वर्षांनी थोरली.

‘अखंड’ या शब्दाला मात्र माझी एक बारीक हरकत. हिवाळ्यात ही सरोवरं गोठतात, जहाजं बंद होतात, आणि त्या काळात सरोवरांवरच्या बत्त्या मालवून ठेवायची जुनी रीत होती. तेव्हा अखंड म्हणजे रोजच्या रोज नव्हे, दर मोसमाला न चुकता. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत, पण बत्ती चालू ठेवावी लागे, म्हणून मला हा फरक टोचतो. इतर कुणाला टोचेल असं नाही.

तर तुमच्या लेकीला थोडक्यात असं सांगता येईल. खालचा चुनखडीचा मनोरा १८२२ चाच. वरचा तुकडा १९०० च्या आसपासचा. तिनं संग्रहालयात बघायचं भिंग १९०३ चं. आजचा दिवा आपल्या काळातला. आणि त्या टोकावर अंधार पडला की कुणीतरी किंवा कशानं तरी उजेड करायचा, हा नेम १८२२ चा. शाळेत प्रकल्प करायचाय म्हणालात, तर तिला तीन पट्ट्या एकाखाली एक काढायला सांगा: दगड, दिवा, माणूस. प्रत्येकीवर आपापली सालं मांडायची. मग दिसेल की दगडाची पट्टी जवळजवळ सलग आहे, दिव्याची पाच-सहा तुकड्यांत, आणि माणसाची मध्येच, साधारण विसाव्या शतकाच्या अर्ध्यावर, संपते. सजावटीसाठी १९९५ चं अमेरिकी टपाल तिकीट चिकटवता येईल, त्यावर हीच बत्ती आहे. नाहीतर ओहायोच्या गाड्यांच्या खास नंबर प्लेटवर शोधायला सांगा, लांबच्या प्रवासात मुलं तेवढाच वेळ गप्प बसतात.

आणि पुढच्या वेळी दुपारी जाऊ नका. दुपारी ते नुसतं पांढरं खांबासारखं दिसतं. मार्बलहेडहून केलीज आयलंडला फेरी जाते. दिवसभर बेटावर काढा आणि परतीला दिवेलागणीची फेरी धरा, म्हणजे बत्ती खलाशाला दिसते तशी पाण्यावरून दिसेल. समोर सँडस्कीकडे सीडर पॉइंटचे दिवे झगमगत असतील, शंभर रंगांचे. त्या गर्दीतून लेकीला हिरवा शोधायला सांगा. सापडला की मोजायचं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.